नेपाळच्या मिशन ट्रिपमधला शनिवार

नागपूरहून नेपाळला निघणाऱ्या टीमच्या वेळापत्रकात एक चूक हमखास सापडते. रविवार मोकळा ठेवलेला असतो आणि शनिवारी दिवसभर काम लावलेलं असतं. सदर असो की मोहननगर, आपली उपासना रविवारी सकाळी, त्यामुळे कागदावर हे कुणालाच खटकत नाही. नेपाळात मात्र सुटीचा वार शनिवार, आणि तिथल्या बहुतेक मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, मुख्य उपासनाही शनिवारीच असते. रविवार हा परंपरेने कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. मग होतं असं, की शनिवारी आपल्या शिबिराला मंडळीतलं कुणी फिरकत नाही, कारण सगळे उपासनेला गेलेले असतात. रविवारी तेच लोक मदतीला तयार उभे राहतात, तेव्हा आपली टीम खोलीत झोपलेली असते. दोन्ही दिवस हातचे जातात.

म्हणून इथे फक्त त्या एका सुटीबद्दल. शिबिरं कशी घ्यायची, मुलांचे कार्यक्रम कसे बसवायचे, यावर सगळेच बोलतात. विसाव्याचा दिवस मात्र "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणून सोडून दिला जातो. आमच्या मते तो कामाच्या दिवसांइतकाच बारकाईने आखायला हवा. न आखलेली सुटी हळूहळू बाजारहाट, कपडे धुणं, उरलेली कामं आणि भांडणं यांनी भरून जाते.

उदाहरणासाठी पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन धरू. नागपूरकरांना हे गाव जवळचं वाटावं असा इतिहासही आहे. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग 1949 साली पक्ष्यांच्या अभ्यासासाठी या भागात गेले. लोकांना औषधपाण्याची किती गरज आहे ते तिथे दिसलं आणि पुढे दवाखान्याचं काम सुरू झालं. त्यातून जी संयुक्त संस्था उभी राहिली, त्या युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना मार्च 1954 मध्ये झाली ती आपल्या नागपुरात. 29 नोव्हेंबर 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्मही इथलाच, हे आपल्याला पाठ असतं. नेपाळचा हा धागा मात्र तरुण संघातल्या फार थोड्यांना माहीत असतो. तानसेनचं मिशन हॉस्पिटल आजही चालू आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तिथून रस्त्याने सोनौली, सीमा ओलांडून भैरहवा, बुटवल आणि वर तानसेन. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आधार कार्डावर विसंबून निघू नका. बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या टप्प्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं. दिवाळीच्या सुट्या सोयीच्या वाटतात, पण तेव्हाच तिथे तिहार (तिथली दिवाळी) असतो आणि त्याआधी दसैं (तिथला दसरा). त्या दिवसांत माणसं आपापल्या गावी पांगतात, वाहनं मिळत नाहीत.

आता वार बसवू या. दहा-बारा जणांची टीम शनिवारी नागपूर सोडते असं धरा. रविवारी रात्री गोरखपूर, सोमवारी तानसेन. मंगळवार ते शुक्रवार दुपार काम. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत विसावा. रविवार ते मंगळवार पुन्हा काम, बुधवारी परतीचा प्रवास. विसावा संध्याकाळपासून मोजायचा हे मुद्दाम. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस संध्याकाळी सुरू होतो, आणि व्यवहारातही तेच सोयीचं पडतं. शनिवारी सकाळी उठून विसावा सुरू करायचा म्हटलं, तर अर्धा दिवस उपासनेत जातो, उरलेला आवराआवरीत, आणि टीमला प्रत्यक्षात मिळतात दोन-तीन तास. शुक्रवारची रात्र त्यात धरली की सलग चोवीस तास मिळतात.

याची सगळी किल्ली शुक्रवारच्या दुपारी आहे. दुपारी एकनंतर कसलाही कार्यक्रम घेऊ नका, कुणी कितीही प्रेमाने बोलावलं तरी. एक ते पाच या चार तासांत शनिवारची सगळी कामं उरकायची असतात. पहिलं काम धुणं. डोंगरात ऊन लवकर सरतं आणि हिवाळ्यात जाड कपडा एका दिवसात वाळत नाही, म्हणून शनिवारच्या उपासनेला घालायचे कपडे गुरुवारीच धुऊन ठेवायचे. शुक्रवारी मोजे, टॉवेल, आतले कपडे. दोरी आणि चिमटे नागपुरातून न्या. दुसरं काम पैसे. शनिवारी बँक बंद. भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160, हा दर 1993 पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस करण्यात अर्थ नाही. शंभराच्या नोटा न्या. मोठ्या भारतीय नोटांवर तिथे अनेक वर्षं बंधनं राहिली आहेत आणि दुकानदार त्या घ्यायला कचरतात. दानासाठी लागणारी सुटी नेपाळी रक्कम शुक्रवारीच वेगळी काढून ठेवा. तिसरं काम औषधांची पेटी उघडून पाहणं. चौथं, दुसऱ्या दिवशीचं पिण्याचं पाणी. तानसेन साधारण 1,350 मीटरवर आहे, तेव्हा पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरतं. 2,000 मीटरच्या वरच्या गावात मुक्काम असेल तर तीन मिनिटं. उकळलेलं पाणी झाकून निवू द्यायचं, म्हणजे ते आदल्या दिवशीच करावं लागतं.

अंघोळीचं वेगळं सांगायला हवं, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एकदाच गरम पाण्याने अंघोळ हवी असते, आणि बहुतेक ठिकाणी न्हाणीघरात गॅस गिझर असतो. थंडी म्हणून खिडकी बंद करून एकामागून एक दहा जण अंघोळ करायला लागले, की आतला प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस आतून कडी लावलेल्या खोलीत कोसळतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवलेला आहे का, ते पोचल्या दिवशीच पाहा. आत असेल तर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, खिडकी उघडी ठेवायची आणि मगच अंघोळ. एकाची अंघोळ झाली की पाच मिनिटं दार उघडं. झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही, यजमानाने मायेने आणून दिली तरी नाही.

यजमानांबद्दल एक गोष्ट टीमच्या लक्षात फार उशिरा येते. ज्या घरी आपण उतरतो, तिथल्या बाया चार दिवस दहा-बारा पाहुण्यांचा स्वयंपाक करत असतात. पाळकांच्या घरी तर शुक्रवारची रात्र म्हणजे उपासनेच्या तयारीची रात्र. विसावा फक्त पाहुण्यांना आणि राबणं यजमानांना, असा शब्बाथ शास्त्रात कुठेच नाही. निर्गम 20 मधली आज्ञा घरातल्या चाकराला, जनावराला आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही विसावा देते. तेव्हा शुक्रवारचं रात्रीचं जेवण टीमने करायचं, किंवा सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं, यजमानांना सोबत घेऊन. स्वयंपाक करणार असाल तर कढीपत्ता, मोहरी आणि आपला मसाला नागपूरहून न्या. डाळ, तांदूळ, बटाटे, फूलकोबी तिथे सहज मिळतात. सावजी बेतू नका. तेवढं तिखट त्यांच्या पोटाला सोसत नाही, आणि चार दिवस थकलेल्या आपल्याही नाही. बाहेर मोमो खाणार असाल तर विचारून घ्या. "बफ" म्हणजे म्हशीचं मांस, आणि टीममध्ये ते न खाणारे असतात. जीप भाड्याने घेतली असेल, तर ड्रायव्हरलाही शनिवार मोकळा द्यायचा, त्या दिवसाचे पैसे देऊन.

रात्री जेवणानंतर मीटिंग नको. एवढं एक पथ्य पाळलं तरी खूप झालं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. प्रश्न विचारला तो नंतर, डोंगरावर पोचल्यावर. पाचव्या दिवशी रात्री नऊ वाजता टीमला गोल बसवून "कुणाला काय वाटलं" विचारलं की रडारड होते किंवा वाद होतो, आणि पुढारी त्यालाच आत्मिक खोली समजतो. ती झोपेची कमतरता असते.

शनिवारी सकाळी पहिला प्रश्न जेवणाचा. डोंगरी नेपाळात न्याहारी आपल्यासारखी नसते. सकाळी चहा, मग नऊ-दहाच्या सुमारास पोटभर डाळभात, आणि दुसरं जेवण थेट संध्याकाळी. उपासना दहा-अकराला सुरू होऊन दोन-अडीच तास चालते, मग चहा आणि चिउरा, म्हणजे पोहे. नागपूरकर माणूस आठ वाजता नाश्ता शोधतो, नऊ वाजता "एवढ्या लवकर कसं जेवायचं" म्हणून चार घास खातो, आणि एक वाजता त्याला चक्कर येते. नऊचा डाळभात मुकाट्याने पोटभर जेवा. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी खिशात बिस्किटं ठेवावी. घड्याळही बघा: नेपाळची वेळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे, आणि सीमेजवळ फोन कधीकधी भारतीय नेटवर्क पकडून जुनीच वेळ दाखवतो.

बऱ्याच मंडळ्यांत चपला-बूट बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसायचं असतं, पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या. कित्येक ठिकाणी स्त्रिया प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, तेव्हा जीन्स-टॉप बाजूला ठेवून पंजाबी ड्रेस किंवा साडी नेसावी. पुरुषांनी फुल पँट. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी लाजू नये. आदल्या दिवशी सांगितलं तर भिंतीजवळ खुर्ची ठेवतात. "जय मसीह" म्हणून हात जोडायचे. मोकळ्या प्रार्थनेची वेळ झाली की सगळी मंडळी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागते. छापील क्रमाची सवय असलेल्या आपल्या लोकांना पहिल्यांदा गडबडल्यासारखं होतं. डोळे मिटा आणि आपली मराठी प्रार्थना मोठ्याने सुरू करा.

नेपाळी देवनागरीत लिहितात ही आपल्यासाठी मोठीच सोय. शेजारच्याकडे भजनाचं पुस्तक मागा, क्रमांक विचारा आणि वाचत वाचत गा. अर्थ निम्मा कळतो, चाल तिसऱ्या कडव्यापर्यंत बसते. मादल या नेपाळी ढोलाचा ठेका आपल्या ढोलकीवाल्याने आधी दोन-तीन भजनं नुसता ऐकावा. कुणी वाद्य हातात दिलं तरच वाजवावं. साउंड सिस्टिम, गिटार, प्रोजेक्टर असं काही घेऊन जाऊ नका. त्या मंडळीची उपासना गेल्या शनिवारी आपल्याविना झाली होती आणि पुढच्या शनिवारीही होणार आहे. आपण पाहुणे आहोत, मागे बसावं.

बोलायला सांगतीलच. टीमतर्फे एक मराठी भजन, एक साक्ष, आणि संदेश द्यायचाच असेल तर एकाचाच. साक्ष तीन मिनिटांची लिहून काढा. भाषांतर धरून सहा मिनिटं होतात. संदेश पंधरा मिनिटांचा बांधला तर अर्धा तास जातो. पंचवीसचा बांधला तर मागची पोरं उठून बाहेर जायला लागतात. पुष्कळांना हिंदी कळतं म्हणून भाषांतर टाळायचा मोह होतो, पण डोंगरातल्या म्हाताऱ्या बायांना हिंदी कळेलच असं नाही, आणि मंडळीचा कणा त्याच असतात. भाषांतर करणाऱ्याला वचनांची यादी आणि मुद्दे शुक्रवारीच द्या. एका वेळी एकच लहान वाक्य बोला. "आम्ही तुम्हाला छप्पर बांधून देऊ" यासारखं काही व्यासपीठावरून बोलायचं नाही, भारावून गेलात तरी. ते वाक्य तिथल्या पाळकाला वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं.

दान थैलीत टाका, नेपाळी रुपयांत, आणि शेजारचा माणूस टाकतो साधारण तेवढंच. मोठी रक्कम द्यायची असेल तर नागपूरच्या समितीने ठरवून, त्यांच्या खजिनदाराकडे, पावती घेऊन. प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल तर पाळकांना आदल्या दिवशी एकांतात विचारा. तिथल्या अनेक मंडळ्या मोठेपणी पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्माच मानतात, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचा लहानपणी झालेला असतो. पाळकांनी नको म्हटलं तर हात जोडून शांत बसावं. उपासनेत ऐनवेळी ताट पुढून जाणं, हे आधी माहीत असण्यापेक्षा फार जास्त दुखतं.

आता कायद्याचं, कारण सुटीच्या दिवशीच टीम सैल होते. नेपाळच्या 2015 च्या संविधानातलं कलम 26 आपला धर्म पाळायची मोकळीक देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. त्यामुळे शनिवारी दुपारी बाजारात पत्रकं वाटणं, चौकात गाणी म्हणणं, चहाच्या टपरीवर अनोळखी मुलांना धरून प्रार्थना करणं, हे काहीही नाही. यात धैर्य दाखवल्यासारखं वाटतं खरं, पण आपण बुधवारी निघून जातो आणि चौकशी होते ती तिथल्या पाळकांची. फोटोंचंही तसंच. उपासनेचं थेट प्रक्षेपण नको. बाप्तिस्म्याचे, मुलांचे, चेहरे ओळखू येतील असे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. नागपुरातला ग्रुप नागपुरातच राहतो असं नाही. डोंगराचे, डाळभाताचे, स्वतःचे फोटो खुशाल टाका.

दुपारी दोन ते सहा खरा मोकळा वेळ. पहिले दोन तास झोप किंवा एकांत, फोन पुढाऱ्याकडे जमा. स्तोत्र 121 डोंगर समोर ठेवून वाचायला मिळतं, ते सोडू नका. चारच्या सुमारास ज्यांना हवं त्यांनी श्रीनगर डांड्यावर, म्हणजे गावावरच्या टेकडीवर, चढून जावं. बाजारातून अर्ध्या-पाऊण तासाची चढण, वर पाइनची झाडं, आणि हवा स्वच्छ असेल तर धवलगिरीपासून माछापुच्छ्रेपर्यंतची रांग दिसते. आपल्याकडे सेमिनरी हिल्स चढून दमणाऱ्यांनी सावकाश जावं. पोखऱ्याला धावती भेट देऊ नका: अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटातून एका बाजूलाच पाच-सहा तास मोडतात, आणि रविवारी कामावर येते ती ओकून आंबलेली टीम. राणीमहालही सुंदर आहे, खड्ग शमशेरने काली गंडकीच्या काठी बांधलेला, पण उतरून पुन्हा चढायला पूर्ण दिवस लागतो. तो काढायचा तर ट्रिप एक दिवसाने वाढवा. ढाका कापडाची टोपी किंवा शाल बाजारातच मिळते.

कुणाचं पोट बिघडलं असेल तर त्याला फिरायला ओढू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादा तरी आडवा होतोच. एक पाकीट ओआरएस एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात, घोट घोट, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. ताप किंवा रक्त असेल तर घरगुती उपाय थांबवून सरळ हॉस्पिटल. आजाऱ्याजवळ बसायला एकजण आळीपाळीने ठेवा, आणि पुढारीच दर वेळी बसणार असं होऊ देऊ नका. पुढाऱ्याला शनिवार मिळत नाही हे या ट्रिपांचं जुनं दुखणं. त्याचे दुपारचे तीन तास दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा: फोन, किल्ल्या, पैसे, सगळं त्याच्याकडे.

एवढं करूनही कुणीतरी दारात येईल. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य सेवेवरून परत आले, जेवायलाही सवड नव्हती, येशूने त्यांना एकांती नेलं, आणि लोक त्यांच्याआधी पायी तिथे पोचले. त्याने त्यांना परत पाठवलं नाही. आजारी मूल घेऊन आई आली तर विसावा मोडायचाच. पण फक्त ओळख करून घ्यायला, सेल्फी काढायला किंवा पुढच्या वर्षीचं बोलायला आलेल्यांना रविवारची वेळ द्यावी, चहा पाजून.

संध्याकाळी सूर्य मावळला की अर्ध्या तासाची बैठक. ती मात्र हवी, कारण आता सगळे झोपलेले, जेवलेले, उपासना केलेले असतात. तीन प्रश्न पुरतात: कुणाशी काही बिनसलं आहे का, उद्या कोण काय करणार, कशासाठी प्रार्थना करायची. ज्यांचं बिनसलं असेल त्यांनी दोघांनीच बाहेर जाऊन बोलावं, सगळ्यांसमोर नाही.

रविवारी आपल्या मंडळीची आठवण येते. सकाळी सव्वासहाला, कामाआधी, पाऊण तास मराठीत उपासना ठेवा: एक भजन, एक स्तोत्र, एक वाचन, घरच्यांसाठी आणि यजमान मंडळीसाठी प्रार्थना. संदेश नको. सातला चहा, आठला कामावर. परतल्यावर नागपूरच्या मंडळीत अहवाल पहिल्याच रविवारी देऊ नका. शुक्रवारी उतरलेली टीम रविवारी व्यासपीठावर उभी राहिली की नावं, गावं, न सांगायच्या गोष्टी ओघात बाहेर पडतात. दुसऱ्या रविवारची वेळ मागा, आणि त्याआधी काय सांगायचं ते तानसेनच्या पाळकांना फोनवर एकदा वाचून दाखवा.